फोनवरचे सर

आमच्या ॲम्ब्युलन्समध्ये डिझेल कमी पडेल, किस्से नाहीत! पोलादपूरच्या नाक्यावर चहा पिता पिता आमचा ड्रायव्हर दिलीपदादा ते रंगवून सांगतो आणि सगळे हसतात. माझं मात्र डोकं सणकतं.

गाडीत डॉक्टर मी. पण इंजेक्शन द्यायचं तर लांब शहरात बसलेल्या मोठ्या डॉक्टरांना फोन करून विचारायचं. ते आमचे 'फोनवरचे सर'. अनुभवी माणसाला विचारायला माझी ना नाही हो, पण समोरच्यानं नीट ऐकून तरी घ्यावं!

आंबेनळी घाटात एकाला फिट आली. रेंज नाही. मी इंजेक्शन देऊन टाकलं. खाली उतरल्यावर सर कडाडले, "रेंज येईपर्यंत थांबायचं होतं!"

"सर, फिट थांबत नव्हती!"

एकदा डोंगरावरच्या वाडीतून अडलेल्या बाळंतिणीला डोलीत घालून खाली आणलं. सर म्हणाले, "गाडी दारापर्यंत का नाही नेली?"

"रस्ताच नाही, सर."

"मग तिथं घर कशाला बांधलं?"

घ्या! आता ह्यांच्यापुढे कपाळ बडवायचं का?

मग सर स्वतः तपासणीला आले. घाटात दोन-चार वळणं झाली नाहीत तोच त्यांना गाडी लागली. तोंडाशी पिशवी धरून म्हणतात, "उलटीची गोळी द्या, लवकर!"

दिलीपदादा अगदी नम्रपणे म्हणाला, "देतो की, सर. पन आधी फोन करून विचारायला लागंल."

आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला की 'पान लागलं' म्हणतात. मुंबईहून गावी आलेल्या एकानं फोन केला, "आयेला पान लागलंय, गाडी पाठवा!" गाडी सोडायची की नाही हेही सरच ठरवणार, म्हणून फोन त्यांच्याकडे गेला. सर म्हणाले, "तंबाखू चढली असेल. लिंबूपाणी देऊन झोपवा."

गाडी नाहीच! शेवटी शेजाऱ्यांनी थेट दिलीपदादाला कळवलं, तेव्हा आम्ही पोचलो. बाईच्या पापण्या मिटलेल्या, छाती हलत नव्हती. महाडपर्यंत मी दोन्ही हातांनी फुगा दाबून तिला श्वास देत होते. वाचली ती. नाहीतर मी कुणाचा तरी गळा धरला असता!

त्याच वाटेवर सरांचा फोन आला. माझे हात अडकलेले, म्हणून तिच्या लेकानंच स्पीकर लावला.

"पान बाधलेल्या बाईला गाडी कुणाच्या परवानगीनं नेली?"

लेक भडकला. "माजी आय मरायला टेकली हाय! तुमाला एकदा पान लागू दे, मंग कळंल!"

"मला कसं लागेल?" सर म्हणाले. "मी पान खात नाही."