पुढच्या चाकातली हवा

रेवदंड्याहून निघतानाच ताईचं आणि माझं वाजलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मला सायकल तिनंच शिकवली. टायर दगडासारखा टणक हवा, हे तिचं तेव्हापासूनचं मत. पण गेल्या वर्षी मनगट मोडल्यापासून खड्ड्याचा प्रत्येक हिसका तिच्या हातात जातो. मुरुडपर्यंत हात टिकला तर ठीक, नाहीतर सायकल देऊन टाकायची, असं तिनं घरी जाहीर केलं होतं. ही आमची जन्माची सोबत अशी संपावी, हे मला सोसणार नव्हतं. मी तिच्या पुढच्या चाकातली थोडी हवा सोडली.

“मागे वजन असतं, मागचं टणक राहू दे. पुढचं जरा मऊ बरं.”

“आता तू मला शिकव!”

साळावचा पूल ओलांडताना सुक्या मासळीचा वास आला. याच रस्त्यावर माझ्या सायकलचं कॅरिअर धरून धावणारी, दोन वेण्यांची ताई आठवली. काशीदला शहाळी प्यायलो. पुढच्या चढावर तिनं मला मागे टाकलं.

नांदगावच्या अलीकडे तिचं पुढचं चाक बसलं.

“सोड अजून हवा!” ताई कडाडली.

हवा कमी पडली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. अंगणात बोंबील वाळवणाऱ्या एका मावशींनी घमेल्यात पाणी दिलं. ट्यूब बुडवली, तर बुडबुडे एकाच जागी. मी निर्दोष सुटलो! ऐटीत ठिगळ लावलं, हवा भरली, आणि चाक पुन्हा बसलं.

“रिक्षा येल आता, बसून जावा,” मावशी म्हणाल्या. “बायचा हात दुखतोय, दिसत न्हाय का?”

ताई मनगट चोळत रस्त्याकडे बघत राहिली. मग ती खाली बसली.

“टायरच्या आतून बोटं फिरवलीस?”

नव्हती फिरवली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! दुखऱ्या हातानंच तिनं टायर आतून चाचपला आणि बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक उपटून माझ्या तळव्यावर ठेवलं. मी दुसरं ठिगळ लावलं. हवा मात्र तिनं मी म्हणालो तेवढीच भरू दिली.

मुरुडला खानावळीत तांदळाची भाकरी आणि बिरडं (मोड आलेल्या, सोललेल्या वालांची उसळ) जेवलो. सोलकढीचा पेला ताईनं डाव्या हातानं उचलला. येताना सायकली टेम्पोत टाकल्या.

रेवदंड्याला तिनं सायकल पडवीत लावली, कुलूप घातलं.

“पुढच्या वेळी काशीदपर्यंतच हं.”

लहानपणी आम्हाला लांब जायची केवढी घाई असायची! आता ताई ‘पुढच्या वेळी’ म्हणाली, एवढ्यानंच माझे डोळे भरून आले.