दोन करवल्या आणि एक नवरदेव

दोन ग्रॅम हायड्रोजनला एक ग्रॅम ऑक्सिजन पुरतो, असं मी एकदा छातीठोकपणे लिहून दिलं होतं. पाणी तयार होण्याच्या समीकरणात हायड्रोजनपुढे दोन होते, ऑक्सिजनपुढे काहीच नव्हतं. आणखी विचार कशाला करायचा? बारावीला रसायनशास्त्रात नापास होऊन अकोल्यात सून म्हणून आलेली मी, डोक्यातल्या अभ्यासापेक्षा डोक्यावरचा गजरा जड. सासूबाईंनी बजावलं होतं, परीक्षेला आता एकदाच बसायचं. पास झालीस तर नर्सिंगला जा, नाहीतर चूल आहेच. आणि माझं ते उत्तर तपासणारी होती माझी मोठी जाऊ. तिच्याइतकं हे जग नीट मोजणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

जाऊबाई अमरावतीच्या कॉलेजात रसायन शिकवायच्या. रोज रेल्वेने जायच्या, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत डब्यातल्या निम्म्या बायकांना ठाऊक झालेलं असायचं की डझन म्हणजे जसे बारा, तसा मोल म्हणजे कणांचा एक ठरलेला, अफाट मोठा आकडा. पाहुण्याने पाणी मागितलं की विचारायच्या, दहा मोल आणू की पाच? पाहुणा भिडेपोटी पाच म्हणायचा आणि अर्धाच पेला मिळायचा. वरणात मीठही हिशेबाने पडे. वरण अळणीच होई, पण ते त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

माझं उत्तर वाचून त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी विहारात शेजाऱ्यांचं लग्न होतं, तिथे मला पुढे बसवलं. नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, थेट कापसाची गासडी. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन किडकिडीत करवल्या. जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या.

"पाह्य पोरी, करवल्या दोन, नवरदेव एक. कोणी वजन केलं का याईचं? पह्यले नग मोज, मंग वजन काढ."

वंदना चालू होती आणि मला हसू आवरेना. पण डोक्यात बसलं ते कायमचं. चार ग्रॅम हायड्रोजन म्हणजे दोन मोल, म्हणजे दोन करवल्या. त्यांना ऑक्सिजन एकच मोल, पण तो नवरदेव भरतो बत्तीस ग्रॅम. परीक्षेत तसलंच गणित आलं, तेव्हा मी अशी खुदकन हसले की पर्यवेक्षकांनी माझा बाक तपासला. पास झाले, नर्स झाले, यथावकाश निवृत्तही झाले.

मागच्या महिन्यात जाऊबाई तापाने अगदी गळून गेल्या. डॉक्टरांनी घरीच सलाईन लावायला सांगितलं. सगळ्या जगाला धाक घालणारी ही बाई सुईला मात्र लहानपणापासून भिते. त्यातून माझे हात आता जरा कापतात. ते पाहून त्यांनी हात पांघरुणात ओढून घेतला. आवाज पार खोल गेला होता, तरी विचारलंच, बाटलीत मीठ किती मोल?

अर्धा लिटर पाणी, साडेचार ग्रॅम मीठ. मिठाच्या एका मोलाचं वजन साडेअठ्ठावन्न. पुन्हा एकदाच बसायची परीक्षा.

"मोलाचा तेरावा हिस्सा, जाऊबाई."

त्यांनी डोळे मिटून, ओठ हलवत ते पडताळून पाहिलं. मग पांघरुणातून हात हळूच बाहेर काढला आणि म्हणाल्या, "लाव आता. मले भेव नाई."