नऊ नंबरच्या मशीनला झालं काय?

माझ्या आत्याने चालू माइकवर आगारप्रमुखांना 'झोपाळू रेडा' म्हटलं, म्हणून तिला बसस्थानकावरून तडकाफडकी घरी बसवलं, अशी बातमी सगळीकडे पसरली होती. त्यात खरं एवढंच की ती तसं म्हणाली होती. पण त्याला नऊ वर्षं झाली. माइकही चालू होता. मात्र आगारप्रमुख झोपलेले असल्यामुळे त्यांनी ते ऐकलंच नाही.

खरं कारण याहून वाईट आहे. आत्या एकवीस वर्षं स्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिराने, कुणाचं लहान मूल चौकशी खिडकीपाशी रडतंय, सगळं सगळं. मग वरून हुकूम आला की घोषणा आता यंत्र करणार. यंत्राला आवाज हवा, म्हणून आत्यालाच चार दिवस एका गादी लावलेल्या खोलीत बसवून शून्य ते नव्याण्णव आकडे, सगळ्या थांब्यांची नावं, 'उशिराने', 'रद्द' आणि 'दिलगीर आहोत' असं सगळं बोलून घेतलं. 'दिलगीर आहोत' तीनदा घेतलं. पहिल्या दोन वेळा ती दिलगीर वाटत नव्हती, असं रेकॉर्डिंगवाल्याचं मत पडलं. पाचव्या दिवशी तिला टाळ्या आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि तिची खुर्ची हलवली.

म्हणजे आता आत्याचा आवाज स्थानकावर आणि उरलेली आत्या आमच्या मागच्या खोलीत. कोपऱ्यावरचा दुकानदार तर चक्रावूनच गेला.

"तुम्ही इथे? मग आत्ता तिकडे कोण बोलत होतं?"

"मीच."

"आणि इथे?"

"इथेही मीच. साबण द्या."

आगाराने तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक म्हणजे निवृत्तीपर्यंतची बारा वर्षं हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसायचं. दुसरी म्हणजे सहा महिने बिनपगारी रजा घेऊन दुसरं काही जमतंय का बघायचं, आणि नाहीच जमलं तर पुन्हा त्याच खोलीत. माझे बाबा खोलीच्या बाजूचे. आत्या त्यांची मोठी बहीण. ते तिला ताई म्हणतात आणि ती त्यांना, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांच्या, टक्कल पडलेल्या माणसाला, 'बाळ्या'.

"ताई, पगार तोच. पंखा आहे. खुर्चीला हात आहेत. वाईट काय आहे त्यात?"

"बाळ्या, मी जाऊन बघून आले. अठ्ठावन्न छत्र्या, सतरा एकेकटे बूट आणि एक कवळी. यांच्याशी मी बारा वर्षं काय बोलू?"

"तिथे बोलायचं कशाला?"

आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की बाबा पाणी प्यायला उठले. समोर भरलेला पेला होता तरी.

त्याच आठवड्यात आमचं कपडे धुण्याचं मशीन गचके देऊन बंद पडलं. दुरुस्तीवाला आला. त्याने काही उघडायच्या आधी मशीनला नुसता कान लावला, दोनदा टिचकी मारली, म्हणाला "पंप", आणि दहा मिनिटांत माझी केसांची पिन काढून आईच्या हातावर ठेवली. आईने माझ्याकडे पाहिलं. आत्याने मात्र त्याच्याकडे पाहिलं.

"नुसतं ऐकून कळतं?"

"ऐकूनच कळतं हो. पाना नंतर."

"हे कुठे शिकवतात?"

त्याने व्यवसाय प्रशिक्षण केंद्राचा पत्ता दिला. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. वर हेही सांगितलं, की तो काम करतो त्या दुरुस्ती केंद्रात एक जागा आहे, पण मालक पहिल्या फटक्यात पास झालेलाच माणूस घेतो. आत्या सेहेचाळिसाव्या वर्षी दप्तर घेऊन निघाली. दप्तर माझं जुनं होतं, त्यावर ससा होता.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा अकरा पोरं खाडकन उभी राहिली. त्यांना वाटलं बाई आल्या. आत्याने "बसा, बसा" म्हटलं आणि तीही जाऊन शेवटच्या बाकावर बसली. शेजारी चष्मेवाला एक बारीक पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, ज्याला जरा काही झालं की रडू यायचं. त्याला सगळे चष्म्या म्हणत. आत्याला मीटर कसा धरायचा हे त्याने शिकवलं. पहिला आठवडा ती कुठलंही हत्यार हातात आलं की तोंडासमोर धरायची. स्क्रूड्रायव्हर धरून घसा खाकरायची सुद्धा.

शिकवणारे सर स्वतःच प्रश्न विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. "बेल्ट सैल झाला की ड्रम फिरेल का? नाही फिरणार. बरोबर ना? बरोबर." आत्याचा डबा द्यायला गेले तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं आणि घरी येऊन बाबांना म्हटलं, "मला नवी सायकल मिळेल का? मिळेल. बरोबर ना? बरोबर." बाबा म्हणाले, "चूक."

सर एकच मशीन पुन्हा पुन्हा खोलायला लावायचे. आत्याने ते सतरा वेळा खोललं आणि सतरा वेळा जोडलं. पहिल्या वेळी चार स्क्रू उरले. पाचव्या वेळी एकच. सातव्या वेळी एकही उरला नाही म्हणून ती इतकी हरखली, की घरी येऊन तिने आमचं मशीन खोललं. त्यात दोन उरले. आठ दिवस आईने हाताने कपडे धुतले आणि त्या आठ दिवसांत ती आत्याशी फक्त "ताई, मीठ द्या" एवढंच बोलली.

आवाजांचा अभ्यास मात्र माझ्याकडे होता. मी प्रशिक्षण केंद्रात जाऊन बिघडलेली मशीनं ऐकून यायची आणि जेवताना काढून दाखवायची. "घर्रर्र-टक. घर्रर्र-टक."

आत्या मान वर न करता, "बेअरिंग. भाजी वाढ."

"च्यींऽऽऽईक."

"बेल्ट."

"खुळ्‌ खुळ्‌ खुळ्‌ कट्‌."

"पंपात नाणं. नाही, थांब. खिळा. आणि तोंडात घास असताना पंप काढू नकोस, मला सगळेच पंप चोंदलेले वाटतात."

आई कपाळाला हात लावून म्हणायची, "या घरात जेवताना माणसासारखा आवाज कुणी काढणार आहे का?"

असे सहा महिने गेले आणि परीक्षा आली. पास, तर दुरुस्ती केंद्र. नापास, तर पुढच्या सोमवारपासून अठ्ठावन्न छत्र्या. पुन्हा परीक्षा द्यायला वर्ष थांबावं लागणार होतं आणि आगार तेवढं थांबणार नव्हतं. सकाळी आत्याने चहात मीठ घातलं आणि तो पिऊनही टाकला.

परीक्षा अशी: कार्यशाळेत बारा मशीनं ओळीने. आदल्या संध्याकाळी सरांनी यादी करून प्रत्येकात एकेक बिघाड मुद्दाम करून ठेवलेला. तीन तासांत तो शोधायचा, दुरुस्त करायचा आणि कागदावर दोन रकाने भरायचे. दोष शोधल्याचे चाळीस गुण, दुरुस्तीचे साठ. बोलायचं नाही. बाहेरून एक परीक्षक आले होते, जाडजूड, सगळं नाकातून बोलणारे. "हंऽ. वेळ सुरू." आम्ही घरचे लोक कार्यशाळेबाहेरच्या बाकावर, जाळीच्या खिडकीपाशी.

आत्याला नऊ नंबरचं मशीन आलं. चष्म्याला दहा.

आत्याने मशीनमध्ये पाणी भरलं, फिरवलं, कान लावला. पाणी सोडलं, पुन्हा कान लावला. जोरात फिरवून पिळायला लावलं. मग मागचं झाकण उघडून बेल्ट दाबून बघितला, पंप काढून बघितला, मीटर लावून तारा तपासल्या. अर्ध्या तासात सात नंबरवाल्याने पंपातून मोजा काढून विजयी झेंड्यासारखा वर केला. एका तासात पाच जण हात पुसत बसले. आत्या पुन्हा पाणी भरत होती.

दीड तास झाला. तिकडे चष्म्याने बेल्ट बसवला होता, तरी त्याच्या मशीनमध्ये पाणी येईना, आणि त्याच्या चष्म्याच्या काचा आतून धुरकट व्हायला लागल्या होत्या. इकडे आठ नंबरवरच्या पोराला आत्याची दया आली. परीक्षकांची पाठ वळताच त्याने खुणेने सांगितलं: बेल्ट ढिला करा, परत घट्ट करा, लिहून टाका, कोण बघतंय? मी जाळीतून जोरजोरात मान हलवली. हो म्हणून. आत्याने आम्हा दोघांकडे बघितलं, पाना खाली ठेवला, कागदावर काहीतरी खरडलं आणि बाहेर आली.

"काय होतं गं मशीनला?"

"काही नाही."

"सांग ना!"

"तेच सांगतेय. 'दोष आढळला नाही. मशीन चालू स्थितीत आहे.' असं लिहिलं."

मी बाकावरून पडायचीच बाकी होते. "आत्या! परीक्षेत बिघाड असतोच! बेल्ट लिहायचं होतंस!"

"बेल्ट चांगला होता."

"पण छत्र्या, आत्या!"

"मला दिसतायत छत्र्या. पण तीनदा ऐकलं मी. जी गाडी आलीच नाही ती आली म्हणून कशी सांगू? लोक सामान उचलून धावतात गं."

"नापास होणार तू. लाव पैज!"

"लावली. काय?"

रागाच्या भरात मला सुचेल ते बोलले. "तू पास झालीस तर मी महिनाभर कुणाची नक्कल करणार नाही."

"सोपं काहीतरी बोल, कार्टे. मरशील."

"महिनाभर!"

आत परीक्षक नऊ नंबरपाशी पोचले आणि त्यांनी आत्याला हाक मारली.

"हंऽ. बाई, दोषाच्या रकान्यात हे काय?"

"दोष नाही, साहेब."

"आणि दुरुस्तीच्या रकान्यात?"

"गरज नाही."

"मग दोन तास काय मशीनला थोपटत होतात?" त्यांनी सरांकडे हात केला. "यादी."

सरांनी यादी काढली. "नऊ नंबर. पाण्याच्या झडपेची तार काढून ठेवणे. बरोबर ना? बरो..." ते मशीनमागे वाकले. तार जागेवर होती. सर तसेच वाकलेले राहिले. मग त्याच वाकलेल्या अवस्थेत एक पाऊल बाजूला सरकले आणि दहा नंबरच्या मागे बघितलं. तिथे तार लोंबत होती. सरांनी नऊचा बिघाडही दहामध्येच करून ठेवला होता. चष्म्याला एकाऐवजी दोन आले होते. हे कळताच तो मोकळेपणाने रडायला लागला, आणि या वेळी त्याला कुणी हसलं नाही.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते "बरोबर ना" म्हणाले नाहीत.

पण परीक्षकांचं नाक ऐकेना. "दोष नाही हे ओळखलं, हंऽ, त्याचे चाळीस देतो. दुरुस्तीचे साठ कुठून देऊ? न केलेल्या दुरुस्तीचे? आणि पास व्हायला साठ लागतात."

"मग करा काहीतरी बिघाड," आत्या म्हणाली. "मी वळून उभी राहते."

परीक्षकांनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं, आम्हा खिडकीवाल्यांनाही. दोन मिनिटं खुडबूड ऐकू आली, मग "हंऽ. वीस मिनिटं."

आत्याने मशीन चालू केलं आणि कान लावला. बोलायचं नाही हा नियम तिच्या डोक्यातून कुठल्या कुठे उडाला. एकवीस वर्षांचा तो आवाज, स्वच्छ, ठणठणीत, कार्यशाळेभर घुमला:

"कृपया इकडे लक्ष द्या. मशीन क्रमांक नऊच्या पंपात एक वस्तू अडकली आहे. वस्तू कडक आहे, हलकी आहे. नाणं नाही. बहुधा बटण."

बाकावर माझ्या शेजारी बसलेले कुणाचे तरी काका पिशवी उचलून उभे राहिले. परीक्षकांनी नकळत स्वतःच्या बाहीवर हात ठेवला. तिथे बटण नव्हतं, नुसता दोरा होता. खिशात सुटं नाणं नसल्यामुळे बिचाऱ्यांनी स्वतःचंच तोडलं होतं.

अकराव्या मिनिटाला आत्याने ते पुसून त्यांच्या हातावर ठेवलं. अठ्ठ्याऐंशी गुण मिळाले. बारा कापले, परीक्षेत बोलल्याबद्दल. चष्म्याही पास झाला. आत्या परवापासून दुरुस्ती केंद्रात जाते, स्वतःचं दप्तर घेऊन. आगाराला तिने राजीनामा दिला, तेव्हा आगारप्रमुख जागे होते म्हणे.

आणि मी हरले. आज सातवा दिवस. जेवताना बाबा हात जोडतात, "एकदाच, ते परीक्षक कसे बोलले ते दाखव." मी तोंड शिवून बसते. मग आत्या म्हणते, "थांब, मी दाखवते," आणि नाक दाबून असं काहीतरी काढते, की परीक्षक, सर आणि आमच्या गल्लीतली सर्दी झालेली मांजर यांत फरक करता येत नाही. सगळे पोट धरून हसतात. 'हंऽ' कुठल्या नाकपुडीतून येतं हे मला पक्कं माहीत आहे, पण सांगायची सोय नाही. मी आत्याला विचारून घेतलंय, लिहिलेलं पैजेत धरत नाहीत. अजून तेवीस दिवस.