समुद्राखालची नदी

नकाशांच्या कचेरीत आक्का एकवीस वर्षं समुद्राच्या खोलीचे आकडे कागदावर उतरवत होत्या. समुद्र उथळ, जिकडेतिकडे दहा-बारा मीटर. पण एक तेवीस मीटर खोल पट्टी नागमोडी वळणं घेत खाडीच्या मुखाशी येत होती.

"साहेब, ही बुडालेली नदी आहे. समुद्र मागे होता तेव्हाची."

"आक्का, चष्मा बदला," साहेब हसले.

पण आक्का हटूनच बसल्या, तेव्हा साहेबांना त्यांना पाहणीच्या बोटीवर न्यावंच लागलं. त्या पट्टीतून, तळाच्या बऱ्याच खालून गाळ वर काढला. आक्कांनी तो चिवडला. आत गोड्या पाण्यातले शिंपले होते.

चिखलाच्याच हातांनी त्यांनी नवऱ्याला फोन लावला. "अहो, नदी सापडली! मला उशीर होईल, अजून तिची वरची, खाडीतली वळणं शोधायचीत."