अण्णांची दोन पत्रं

शनिवार, सकाळी अकरा, बनशंकरी. हजर: मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाई, चिटणीस म्हणून मी, आणि सल्लागार म्हणून माझ्या नणंदेचे सासरे. विषय: मुलांचा मराठी वर्ग बंद करावा का.

नणंदेचे सासरे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे अण्णा, यांनी तपासून पाहिल्याशिवाय आयुष्यात एकही गोष्ट खरी मानलेली नाही. साबणाच्या वेष्टनाचा कोणता रंग जास्त खपतो, हे कंपनीला सांगण्यात त्यांची हयात गेली आणि निवृत्तीनंतर ती खोड घरात शिरली. निम्म्या पाहुण्यांना कॉफी स्टीलच्या पेल्यात, निम्म्यांना काचेच्या, आणि पुन्हा कोण मागतं याची वहीत नोंद. नणंदेनं एकदा आमटीत गूळही वाढवला नि फोडणीही बदलली. आमटी सुरेख झाली, अण्णा मात्र हिरमुसले. "अगं, एका वेळी एकच बदल. आता कशामुळे जमली, ते कसं कळायचं?"

वर्गात पाचच मुलं उरली होती आणि अध्यक्षीणबाई हॉल योगवर्गाला द्यायला निघाल्या होत्या. मी महिन्याची मुदत मागितली; अण्णांनी लगेच प्रयोग आखला. निम्म्या घरांना 'मातृभाषा जपा' असं पत्र, निम्म्यांना 'मुलांना आजी-आजोबांशी बोलता येऊ दे'. बाकी कागद, मजकूर सगळं सारखं. कुणाला कोणतं, ते चिठ्ठ्या टाकून. ज्या पत्राला मुलं येतील, तेच पुढे चालवायचं. कुठल्यालाच आली नाहीत, तर वर्ग बंद.

आपली माणसं आलेलं पत्र शेजारी वाचून दाखवतात, हे मात्र साबणानं त्यांना शिकवलं नव्हतं. जे. पी. नगरातल्या दोन जावांना वेगवेगळी पत्रं गेली. धाकटीचा मला फोन. "अक्का, आजी-आजोबा मोठीच्याच पत्रात का? सासू-सासरे काय तिच्या एकटीचे?" शनिवारी ती मुलाला घेऊन जाब विचारायला आली. तशा आणखीही आल्या. मी एकेका मुलाचं नाव लिहून त्याला बसवत गेले; बाकं कमी पडली. वर्ग वाचला, अध्यक्षीणबाईंनी पेढे मागवले. अण्णा पेढा हातात धरून म्हणाले, "यातून काहीही सिद्ध होत नाही."

यादी जुळवताना दिसलं, एका घराला कुठलंच पत्र गेलं नव्हतं. के. आर. पुरम, अण्णांचा थोरला मुलगा. तिथला नातू अण्णांशी इंग्रजीतच बोलतो. चिठ्ठी टाकायची राहिली का, असं मी विचारलं. अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"टाकली होती. आजी-आजोबांचं निघालं. पाठवलं आणि कुणीच आलं नाही, तर मग ते कळेलच ना. स्वल्प थांब."

मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं. पाकिटावर पत्ता घातला आहे, तिकीटही लावलं आहे. पेटीत टाकणं बाकी.