खिळ्यावरचा पट्टा

मी घर सोडलं त्या सकाळी बाबांनी गिरणी बंद ठेवली होती. कराडच्या आमच्या गल्लीत पिठाची गिरणी तेवढी एकच, त्यामुळे डबे घेऊन आलेल्या बायका पायरीवर खोळंबल्या होत्या. विमानतळाची गाडी सुटताना बाबांनी मला काच खाली करायला लावली, शर्टाच्या खिशात हात घातला आणि तो तसाच ठेवला. काहीतरी देतील असं वाटलं. पण खिशात फक्त गिरणीचा फ्यूज असणार, हे मला माहीत होतं. गिरणी बंद ठेवायची असली की फ्यूज काढून खिशात टाकायचा, ही त्यांची सवय. त्यांच्या डाव्या करंगळीचं एक पेर ही सवय लागायच्या आधी पट्ट्यात गेलं होतं.

"निवांत जा," म्हणाले. "पोचलीस की कळव."

पोचल्याचं कळवलं. त्यापलीकडे फार काही कळवत नव्हते. इंग्रजी शाळेत पालकसभेला बाबा भुवयांवर पीठ घेऊन आले की मी दप्तरात डोकं खुपसायचे. पुण्यात कॉलेजात कुणी विचारलं, तर 'फूड प्रोसेसिंगमध्ये आहेत' असं सांगायचे. आयर्लंडमध्ये विचारणारंच कुणी नव्हतं, याचं बरंच वाटलं होतं.

तिथल्या एनिस गावाच्या बाहेर, शेतांच्या मधोमध, नोरा नावाच्या सत्तरीच्या बाईच्या घरात मी खोली घेतली. दिवसभर कारखान्यात वैद्यकीय नळ्या तपासायच्या, संध्याकाळी नोराचं बोलणं ऐकायचं. ती कपाटाला प्रेस म्हणायची आणि दर तासाला विचारायची, "तू ग्रँड आहेस ना?" म्हणजे ठीक आहेस ना. मी मान हलवायचे. तिला तेवढं पुरायचं.

दोन हजार अठराच्या मार्चमध्ये बर्फ पडला. नोराला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं. टॅक्सी दारात यायची. बर्फामुळे एक फेरी चुकली. तिचे घोटे सुजले. हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला: उद्या सकाळची अजिबात चुकवू नका. मोठा रस्ता मोकळा झाला होता, पण फाटकापासून घरापर्यंतची तीनशे पावलांची वाट गुडघाभर बर्फाखाली होती. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्याच्याच गुरांपर्यंत पोचायला धडपडत होता.

शेडमध्ये नोराच्या नवऱ्याचा, मायकलचा, गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर होता. पुढे बर्फ फेकायचं यंत्र जोडलेलं. "कॅनडाहून परत येताना हे ध्यान आणलंन," नोरा म्हणाली. "अख्खं गाव हसलं होतं. तो गेला, आणि आता बघ."

पहिली दहा पावलं यंत्राने झकास काढली. मग इंजिन गुरगुरत राहिलं आणि पुढचं पातं थांबलं. पट्टा घसरतोय, हे मला बघायची गरज नव्हती. गिरणीचा पट्टा घसरला की बाबा त्याला राळ लावायचे. मी नोराकडे राळ मागितली. तिने प्रेस उघडून मायकलच्या फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, पेटी काढली आणि गजाला लावायची राळेची वडी माझ्या हातावर ठेवली. "घे. आता वाजवतंय कोण?"

इंजिन बंद करून मी राळ चांगली रगडून लावली. आणखी दहा पावलं. मग जळक्या रबराचा वास, धूर, आणि पट्ट्याच्या चिंध्या.

शेडमध्ये खिळ्यावर एक सुटा पट्टा टांगलेला होता. एकच. तो लावायला घेतला, पण हाही जळला तर दुसरा नव्हता. मी बाबांना व्हिडिओ कॉल केला.

"किल्ली कुठंय?" त्यांनी आधी विचारलं.

"खिशात."

"हां. आता जुना पट्टा दाखव." मी दाखवला. ते हसले. "राळ लावलीस? अगं, आपला पट्टा सपाट, चामड्याचा. हा खाचेत बसणारा. राळेने चिकटतो आणि तापतो. पण मूळ दुखणं ते नाही. एकच कड झिजलीय, बघ. पट्टा वाकडा धावतोय. मधली ताणाची पुली हाताने फिरव."

पुली फिरेना. गंजून बसली होती आणि तिला धरणारी लोखंडी पट्टीही वाकली होती.

"नवा लावला असतास तर तोही गेला असता. तेल सोड. घाई करू नकोस."

तिकडे गिरणीत कुणीतरी बाई डबा घेऊन ताटकळत होती. "काय हो," तिचा आवाज आला, "परदेशात पण गिरणी टाकली काय?"

"थांबा जरा, पोरीचं काम चाललंय," बाबा म्हणाले.

तासभर गेला. तेल, पाना, पुन्हा तेल. पुली आधी करकरली, मग सुटली. दोन पाने लावून पट्टी सरळ केली, बाबांनी सांगितलं तशी सुतळी ताणून पुल्या एका रेषेत आहेत का ते पाहिलं. तेवढ्यात नोरा काठी टेकत चहा घेऊन आली आणि फोनकडे बोट केलं. "हा कोण गृहस्थ?"

"माझे वडील," मी म्हणाले. आणि मग, आवाज जरा मोठा करून, "त्यांची पिठाची गिरणी आहे."

"तरीच!" नोरा म्हणाली, आणि कप वर करून तिने बाबांना सलाम ठोकला. बाबांनी घाईघाईने भुवया पुसल्या.

नवा पट्टा टिकला. अंधार पडायच्या आत मी फाटकापर्यंत पोचले. सकाळी टॅक्सी दारात आली आणि नोरा, मोत्यांची कर्णफुलं घालून, डायलिसिसला गेली.

फोन ठेवण्याआधी बाबा म्हणाले होते, "आता तो खिळा रिकामा झाला. रिकामा ठेवू नकोस."

त्यानंतर तसा बर्फ पडलेला नाही. तरी दर रविवारी बाबा माझ्या आधी ट्रॅक्टरची चौकशी करतात. मी फोन घेऊन शेडमध्ये जाते, किल्ली खिशात टाकते, पुली हाताने फिरवून दाखवते. त्यांच्या मागे गिरणीचा आवाज चालू असतो. पूर्वी मी तो आवाज लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून फोन कानाशी दाबून धरायचे. आता स्पीकर लावते, नोरालाही आवडतो. कुणी विचारलं, घर कुठे, तर मला एका जागेचं नाव सांगता येत नाही. पण दुसरा पट्टा मागवून मी त्याच खिळ्यावर टांगलाय.