अंतरपाटाचा फोटो

बनारसच्या कचहरीसमोरच्या त्या झेरॉक्सवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. माझा नवरा जर्मन. त्याच्याकडे राहायला जायचं, म्हणून व्हिसाच्या अर्जाला लग्नाचे फोटो जोडायचे होते. कानावर पेन्सिल खोचलेला तो माणूस एकेक फोटो उजेडाकडे धरून सावकाश निरखत होता. अंतरपाटाचा फोटो मीच बाजूला काढला. त्यात आम्ही एकमेकांना दिसतसुद्धा नव्हतो. साहेबाला लग्न पटणार कसं?

“ये कपड़ा काहे का?” त्याने विचारलं.

मंगलाष्टकं संपली की तो काढतात, असं मी सांगितलं. त्याने तोच फोटो सगळ्यात वर लावला.

“परदा है बहनजी, दीवार थोड़े है.”

व्हिसा अजून आलेला नाही. बॅग मात्र मी भरून ठेवलीय.